फसली सालातले आजोबा

नांदेडहून मुखेडला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक नायगाव-नर्सीवरून जातो, दुसरा कंधारवरून. मार्ग कोणताही धरला तरी शेवटच्या टप्प्यात बालाघाटच्या डोंगररांगांचे चढउतार सुरू होतात. काळ्या जमिनीचे पट्टे अरुंद होत जातात, मध्येच मुरमाड माळ लागतो आणि माळाच्या कडेने सीताफळीची झुडपे दिसू लागतात. गावात चालुक्य शैलीतील दशरथेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरील मूर्ती शेकडो वर्षांचे ऊनपाऊस सोसून अजून उभ्या आहेत. बाजाराच्या दिवशी येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू आणि तांड्यावरची बंजारा बोलीही कानी पडते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी आबा म्हणते, कुणी आप्पा, कुणी अज्जा, तर कुणी तात. हाक वेगळी असली तरी तिच्यातली माया एकच असते.

या भागात वैद्यकीय व्यवसाय करताना एक प्रश्न रोज विचारावा लागतो आणि रोज त्याचे निराळे उत्तर मिळते. तो प्रश्न वयाचा. तपासणीच्या कागदावर नावापुढे वयाचा रकाना असतो. सोबत आलेला नातू आधार कार्ड पुढे करतो. त्यावर जन्मतारीख बहुधा १ जानेवारी अशी असते, कारण नोंद करताना खरी तारीख कुणालाच सांगता आलेली नसते. आजोबांना विचारावे, तर ते म्हणतात, “रझाकाराच्या साली मी ढोरं राखत होतो बघा. आता तुम्हीच हिशेब करा.”

हा हिशेब करता येतो. ढोरे राखणारा पोरगा आठ-दहा वर्षांचा असणार. रझाकारांचा उपद्रव १९४७-४८ मध्ये शिगेला पोचला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. म्हणजे आजोबांचा जन्म १९३८-४०च्या सुमाराचा. कार्डावर वय ७९ असले तरी प्रत्यक्षात ते ८५च्या पुढे असू शकते. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नसतो. मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेचा अंदाज काढताना वय लागते, काही औषधांची मात्रा त्यावरून ठरते आणि शस्त्रक्रियेतील धोका जोखतानाही वय पाहावे लागते.

काही घरांत पेटीच्या तळाशी जुनी कागदपत्रे सापडतात. त्यांवरील साल वाचून नव्या पिढीची मुले चक्रावतात, कारण तेथे १३४० किंवा १३५० असा आकडा असतो. ते फसली साल होय. निजामाच्या राज्यात महसुलाचा आणि सरकारी दप्तराचा कारभार फसली सालाने चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येते. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. कागदावर बापाचे नाव, शेताचा तुकडा आणि उर्दू लिपीतील सही असते. आजोबांच्या आयुष्याचे पहिले पान असे दुसऱ्याच कालगणनेत आणि दुसऱ्याच लिपीत लिहिलेले असते. ते वाचून दाखवू शकणारा घरातला एकमेव माणूस अनेकदा आजोबाच असतात.

कागद नसतील, तर या मुलखाची स्वतःची दिनदर्शिका उपयोगी पडते. हाली सिक्का चलनात होता, तेव्हा आजोबा बाजाराला जात होते का? १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा ते शाळेत होते की आऊत धरत होते? १९७२च्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले का, आणि तेव्हा मुलाबाळांना मिळालेली सुकडी आणि मिलोची तांबडी ज्वारी त्यांना आठवते का? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा थोरला नातू किती महिन्यांचा होता? असे पाच-सहा प्रश्न विचारले की वय एक-दोन वर्षांच्या अंतराने निश्चित होते. जन्मनोंदी नसलेल्या भागांत सर्वेक्षण करणारेही अशाच स्थानिक घटनांची यादी हाताशी ठेवतात. मात्र या प्रश्नांतून वयाखेरीज आणखी काही हाती लागते. दम लागतो म्हणून आलेला एक रुग्ण बोलता बोलता पूर्ण माणूस होऊन समोर बसतो.

शरीरही आपल्या परीने नोंदी ठेवत असते. आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण असतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. त्यानंतर ही लस हळूहळू बंद झाली, म्हणून नातवाच्या दंडावर तसा व्रण नाही. काहींच्या घोट्याजवळ नारूची जुनी खूण असते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या काळात हा रोग खेडोपाडी होता. पुढे तो देशातून नाहीसा झाला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते ७०च्या घरात आहे. समोर बसलेले आजोबा हा सगळा प्रवास अंगावर वागवत आलेले असतात.

मुखेडच्या शेजारच्या दोन गावांनी अशी दीर्घायुष्ये जवळून पाहिली आहेत. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर येथील डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांचा जन्म २५ फेब्रुवारी १९१७चा. वीरशैव लिंगायत परंपरेतील या संन्याशाने वैद्यकशास्त्रातील एमबीबीएस पदवी घेतलेली होती. पदवी हाती असताना त्यांनी मठाची वाट धरली आणि या भागातील हजारो कुटुंबांचे ते वडीलधारे झाले. १ सप्टेंबर २०२० रोजी नांदेड येथे त्यांचे निधन झाले. या दोन तारखांमधले अंतर डॉक्टरांच्या नजरेने पाहिले, तर अंगावर काटा येतो. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा ते तान्हे मूल होते. आपल्याकडे त्या साथीला मानमोडी म्हणत आणि तिने गावेच्या गावे ओस पाडली. ते गेले, तेव्हा कोरोनाची साथ भरात होती. एका आयुष्याची दोन टोके अशी दोन महासाथींना टेकलेली होती.

निधनाच्या काही दिवस आधी त्यांनी समाधी घेतल्याची अफवा पसरली आणि साथीचे निर्बंध असतानाही अहमदपुरात हजारोंची गर्दी उसळली. आरोग्याच्या दृष्टीने ती गर्दी धोक्याचीच होती. तरीही तिच्यामागची भावना समजून घ्यायला हवी. ज्याच्या छायेत तीन-चार पिढ्या वाढल्या, त्याला अखेरचे पाहून घ्यावे ही ओढ माणसाला आवरत नाही. प्रत्येक घरात आजोबांच्या आजारपणात लहान प्रमाणावर हेच घडते. खोलीत वीस माणसे जमतात, खिडकी झाकली जाते आणि आजोबांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. भेटीची ओढ खरी असेल, तर आजोबा ओसरीवर बसून बोलू शकतात तेव्हाच भेटायला जावे.

दुसरे गाव कंधार. राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेल्या या किल्ल्याच्या गावाने भाई केशवराव धोंडगे यांना आपले मानले. त्यांचा जन्म २५ जुलै १९२२ रोजी कंधार तालुक्यातील गऊळ या खेड्यात झाला. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यातून ते घडले. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार म्हणून कंधारने त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि १९७७ मध्ये ते नांदेडचे खासदार झाले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला. श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतून त्यांनी गोरगरिबांच्या मुलांना शिक्षणाचे दार उघडून दिले आणि ‘जयक्रांती’ साप्ताहिकातून सडेतोड लेखन केले. शंभरी पार करून १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. गुरे राखणाऱ्यांचेही साहित्य संमेलन भरले पाहिजे, असे वाटणारा आणि ते भरवून दाखवणारा हा माणूस होता.

या दोघांचे आयुष्य वृत्तपत्रांत, ग्रंथांत आणि संस्थांच्या दप्तरांत नोंदलेले आहे. आपल्या घरातल्या आजोबांचे तसे नसते. त्यांनी विहीर खोदली, तिघी बहिणींची लग्ने लावली, दुष्काळात बैल विकले पण बियाणे राखले, धाकट्या भावाला शिकायला नांदेडला ठेवले. हे सारे एकाच दप्तरात आहे आणि ते दप्तर म्हणजे त्यांची स्मरणशक्ती. ती एक दिवस क्षीण होणार, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही आपण विचारायचे राहून जातो. तेराव्या दिवशी छायाचित्राला हार घातला जातो, चार माणसे चार शब्द बोलतात आणि तेव्हा लक्षात येते की आजोबांच्या रक्तदाबाचे गेल्या पाच वर्षांचे आकडे आपल्याला पाठ आहेत, पण १९४८ साली ते कोठे होते हे घरात कुणालाही सांगता येत नाही.

दीर्घायुष्याचे रहस्य काय, असे लोक हमखास विचारतात. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, आंबील, पायी चालणे, पहाटे उठणे अशी उत्तरे मिळतात. या सवयी चांगल्याच आहेत आणि त्या मोडू नयेत. परंतु आजोबांच्या पिढीतील जी भावंडे देवीने, पटकीने, बाळंतपणात किंवा साध्या जुलाबाने लहानपणीच गेली, त्यांनीही तीच भाकरी खाल्ली होती. आपले रहस्य सांगायला ती उरली नाहीत. म्हणून दीर्घायुषी माणसाच्या ताटात जादू शोधू नये. शुद्ध पाणी, लसीकरण, वेळेवर मिळालेले उपचार, काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी दैव आणि घरातल्या माणसांची सोबत अशा अनेक धाग्यांनी ते आयुष्य विणलेले असते. यातील सोबतीचा धागा आजही आपल्या हातात आहे.

आठवणी विचारणे हा त्या सोबतीचा उत्तम प्रकार आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, मात्र साठ वर्षांपूर्वीच्या बैलजोडीची नावे अचूक सांगता येतात. जुन्या आठवणी बहुधा उशिरापर्यंत टिकतात. “मघाशीच सांगितलं ना!” असे म्हणून त्यांना वारंवार हरवण्यापेक्षा, जेथे ते अजून समर्थ आहेत त्या काळात त्यांच्याबरोबर फिरून यावे. जुन्या गोष्टी काढल्याने रोग बरा होत नाही. मात्र बोलणे वाढते, मन काही काळ प्रसन्न होते आणि काळजी घेणाऱ्याच्या मनातली कटुताही कमी होते, असा अनुभव आहे. विचारण्यापूर्वी कानातला मळ काढून घ्यावा, श्रवणयंत्र असल्यास लावावे, चष्मा पुसून द्यावा आणि त्यांच्या समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून सावकाश बोलावे. अनेक ‘विसराळू’ आजोबांना मुळात प्रश्न ऐकूच आलेला नसतो.

सारेच दरवाजे उघडण्याचा आग्रह मात्र धरू नये. १९४८च्या आठवणींत जळालेली घरे आहेत, रात्रीतून गाव सोडून पळालेली कुटुंबे आहेत. त्या वर्षाचे घाव एकाच समाजाच्या वाट्याला आले नाहीत. सांगता सांगता आजोबा गप्प झाले, हात थरथरू लागले, तर तेथेच थांबावे, पाणी द्यावे आणि विषय बदलावा. माहिती गोळा करण्यापेक्षा माणूस सांभाळणे महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट. कर्त्या पुरुषाची कहाणी लिहिताना आजीला वगळू नये. दुष्काळात घरातले धान्य किती दिवस पुरवले, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

या माहितीचा वैद्यकीय उपयोगही मोठा आहे. वृद्ध माणसाला नांदेड, लातूर किंवा हैदराबादच्या दवाखान्यात दाखल केले की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते अचानक असंबद्ध बोलू लागतात, सलाईनची नळी ओढतात, मेलेल्या माणसांना हाका मारतात. आपल्याकडे याला ‘वात झाला’ म्हणतात आणि आता काही खरे नाही असे समजून नातेवाईक खचतात. अशी एकाएकी झालेली भ्रमावस्था ही तातडीने सांगण्याची बाब आहे. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, झोपेची वा अन्य औषधे अशी कारणे त्यामागे असतात आणि त्यांतील बरीच दुरुस्त करता येतात. उपचारांबरोबर ओळखीचा आवाज लागतो. दिवसा उजेड, रात्री शांतता, डोळ्यांवर चष्मा आणि उशाशी त्यांच्याच बोलीत बोलणारे माणूस हवे. अशा वेळी शेताचे नाव, विहिरीचे नाव, बैलाचे नाव ज्या नातवाला ठाऊक असते, तो नातू आजोबांना पुन्हा भानावर आणण्यास मोठी मदत करतो. ज्याला ती नावेच ठाऊक नाहीत, तो काय बोलणार?

ही नावे गोळा करण्याला एक हंगाम आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लातूर-नांदेडच्या या पट्ट्यात वेळ अमावस्या येते. तिला येळवस असेही म्हणतात. गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभारली जाते, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा बेत असतो. याच सुमारास माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घरातले आजोबा आठ दिवस आधीच विचारू लागतात, “मला नेता न्हवं शेताला?” मुले घाबरतात. पडले तर? थंडी लागली तर? माझे मत असे की, प्रकृती स्थिर असेल तर न्यावे, मात्र तयारीने न्यावे. वाहन शेताच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, कानटोपी, शाल, काठी, नेहमीची औषधे आणि पिण्याचे पाणी बरोबर असावे. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून न मागता पाणी द्यावे, अर्थात हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर. ढेकळांतून चालताना हात धरावा. लघवीची सोय आधी पाहून ठेवावी, कारण तिच्या संकोचाने अनेक वृद्ध दिवसभर पाणीच पीत नाहीत. मधुमेह असेल, तर इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ सांभाळावी.

शेतात बसल्यावर त्यांना बांध दाखवायला सांगावे. कोणता आंबा कुणी लावला, विहिरीला पाणी कितव्या हातावर लागले, कोणत्या वर्षी ओढा फिरला. मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि घरी आल्यावर वहीत उतरवून, तारीख घालून ठेवावा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तालुक्यात लेंडी नदीच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरले, माणसे दगावली, संसार वाहून गेले. माणसाची स्मृती जशी जाते, तशी ती जिथे रुजलेली असते ती जागाही जाऊ शकते.

याच निवांत दिवसांत एक अवघड प्रश्नही विचारून घ्यावा. “आबा, पुढं फार दुखणं आलं, तर तुमची सेवा कशी व्हावी असं तुम्हाला वाटतं?” बहुतेक कुटुंबांना हा प्रश्न अशुभ वाटतो. आजोबांना मात्र तो बऱ्याचदा तसा वाटत नाही, त्यांनी त्यावर आधीच विचार केलेला असतो. अखेरच्या काळात कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत अधिक सोपी केली. लिहून ठेवणे जमले नाही, तरी सर्व मुलांसमोर बोलणे व्हावे. पुढे दवाखान्याच्या दारात भावाभावांत वाद होतो, तेव्हा आजोबांचे ते शब्द सर्वांना सावरतात. ज्याने आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्याच्या शेवटच्या निर्णयात त्याचा आवाज नसावा, याहून मोठी उपेक्षा कोणती?

वही फार मोठी लागत नाही. पहिल्या पानावर जन्माचे साल लिहावे, फसली आणि इसवी अशी दोन्ही. त्याखाली शेताचे नाव, विहिरीचे नाव, बैलांची नावे, आजीच्या माहेरचे गाव. पुढच्या पानावर आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे आणि न सोसणारी औषधे. शेवटच्या पानावर त्यांची इच्छा, त्यांच्याच शब्दांत. ही वही दवाखान्यात येताना कागदपत्रांच्या पिशवीत जरूर ठेवावी. रक्ताचे अहवाल पाहण्याआधी डॉक्टरांनी तिचे पहिले पान वाचले, तर त्यांच्या समोरचे आजोबा खाटेच्या क्रमांकाने ओळखले जाणार नाहीत.